ॲपल सायडर व्हिनेगर घ्यायचंच असेल, तर या क्रमाने घ्या

"सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी, कोमट पाण्यात झाकणभर व्हिनेगर, त्यात मध आणि अर्धं लिंबू. एका दमात प्यायचं आणि मग दात घासायचे."

मी आहारसल्ल्याचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जे ॲपल सायडर व्हिनेगर घेतात, ते जवळपास सगळे हीच कृती सांगतात, आणि या कृतीत वेळ, माप, जोडीला घेतलेल्या वस्तू, सगळंच चुकलेलं असतं. सर्वांत वाईट म्हणजे शेवटचं वाक्य. आम्ल प्यायल्यावर लगेच दात घासणं म्हणजे मऊ पडलेल्या दातांवर ब्रश चालवणं.

या लेखात व्हिनेगरची थोरवी नाही. मी स्वतः कुणाला ते सुरू करायला सांगत नाही. पण घरात बाटली आलेलीच असते आणि ती संपवायचीच असते, तर निदान दात, घसा आणि पोट शाबूत राहील अशा रीतीने ती वापरावी, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. टप्पे गाळू नका. विशेषतः पहिले दोन.

## टप्पा १ : कशासाठी घेणार, ते एका ओळीत लिहा

वहीत लिहा, मोबाइलमध्ये लिहा, पण लिहा. "तब्येतीसाठी" असं लिहून चालणार नाही, कारण पुढे फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार? ज्या कारणांसाठी लोक व्हिनेगर घेतात, त्यांतली दोनच थोडीफार टिकतात.

जेवणानंतरची साखर. व्हिनेगरमधलं काम करणारं द्रव्य म्हणजे ॲसिटिक आम्ल. ते जेवणाबरोबर पोटात गेलं की अन्न जठरातून पुढे सरकायला जास्त वेळ घेतं आणि पिष्टमय पदार्थांची साखर रक्तात जरा सावकाश उतरते. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतला २००४ चा प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. त्यात लोकांना २० ग्रॅम व्हिनेगर पाण्यात मिसळून, भरपूर पिष्ट असलेल्या खाण्याच्या जरा आधी दिलं होतं. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नव्हतं, त्यांना त्या जेवणापुरता फायदा दिसला. हे लक्षात ठेवा: त्या जेवणापुरता. सकाळी सहाला प्यायलेलं व्हिनेगर दुपारी दीडच्या भातावर काही करत नाही.

वजन. जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठ व्यक्तींनी १२ आठवडे रोज १५ किंवा ३० मिलिलिटर व्हिनेगर घेतलं. वजन उतरलं ते साधारण सव्वा ते दोन किलो, आणि व्हिनेगर बंद केल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा वर सरकलं. २०२४ मध्ये लेबनॉनमधल्या एका अभ्यासाची बातमी सगळीकडे फिरली होती: १२ आठवड्यांत सहा ते आठ किलो कमी! तो शोधनिबंध सप्टेंबर २०२५ मध्ये मागे घेण्यात आला, कारण त्यातल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येईना. बातमी मात्र अजून फिरतेच आहे. त्या आकड्याच्या आशेने बाटली आणली असेल, तर ती आशा आत्ताच सोडा.

ॲसिडिटी, मुतखडा, युरिक ॲसिड, थायरॉईड, सांधेदुखी यांपैकी काही तुमच्या ओळीत असेल, तर हा लेख इथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. "पोटात ॲसिड कमी पडतं म्हणून जळजळ होते, व्हिनेगरने ती भरून निघते" हे ऐकून छातीत जळजळ होणारी माणसं आम्ल पितात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. आधीच सोललेल्या जागेवर ते आणखी आम्ल असतं.

## टप्पा २ : आधी स्वतःला चाळणी लावा

औषधांचा डबा समोर घेऊन बसा. प्रत्येक पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. नजर पोचत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. घरातल्या लेकी-सुनांना, नातवंडांना हाक मारा, पण हे टाळू नका.

पुढचं काही आढळलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्हिनेगरचा एक थेंबही रोजच्या सवयीत आणू नका:

- लघवी वाढवणारी औषधं: फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत यांतलं एखादं जोडीला असतं. गोळीच्या नावाच्या शेवटी 'एच' किंवा 'सीटी' असेल तर मागची बाजू नक्की वाचा. या औषधांनी पोटॅशियम उतरू शकतं आणि व्हिनेगरच्या अतिरेकानेही उतरू शकतं.
- हृदयासाठीचं डिगॉक्सिन. पोटॅशियम उतरलं की हे औषध घातक ठरू शकतं.
- इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा साखर उतरवणाऱ्या गोळ्या. यांच्यासोबत साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.
- मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, छातीतली नेहमीची जळजळ, गिळताना त्रास, हाडं ठिसूळ असल्याचं निदान.
- दात आंबण्याचा त्रास. हा लोक सांगतच नाहीत, कारण त्यांना तो आजार वाटत नाही.

गरोदरपणात आणि लहान मुलांसाठी हा उपाय नकोच. मधुमेह बरीच वर्षं असेल तर आणखी एक गोष्ट तपासायची: दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं का? जेवून चार तास झाले तरी अन्न वर येतं का? पोट फुगतं का? मधुमेहाने जठराच्या नसांवर परिणाम झाला की जठर मुळातच हळू रिकामं होतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये अशा दहा रुग्णांना व्हिनेगर देऊन पाहिलं, तेव्हा त्यांचं जठर आणखी मंदावलं. अशा माणसाने जेवणाआधी इन्सुलिन टोचलं आणि अन्न मात्र आतड्यात वेळेवर पोचलंच नाही, तर साखर एकदम कोसळते.

सावधान: "नैसर्गिक आहे, जास्त घेतलं तर काय होतंय" या समजुतीची एक नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. १९९८ साली ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका तरुणीची केस मांडली. ती सहा वर्षं रोज साधारण २५० मिलिलिटर व्हिनेगर पीत होती. तिचं पोटॅशियम खूप उतरलं होतं आणि त्या वयात हाडं ठिसूळ झाली होती.

## टप्पा ३ : बाटली नीट वाचून घ्या

दुकानात तीन गोष्टी बघा, बाकी जाहिरात सोडून द्या.

पहिली, 'सिंथेटिक' हा शब्द. आपल्याकडे चायनीजसाठी जे पांढरं, पाण्यासारखं व्हिनेगर मिळतं, ते बहुतेकदा ॲसिटिक आम्ल पातळ करून केलेलं असतं आणि तसं लेबलवर लिहावं लागतं. ते लोणच्याच्या कांद्याला ठीक आहे, पण आपण ज्याबद्दल बोलतोय ते हे नव्हे.

दुसरी, आम्लाचं प्रमाण. भारतीय नियमांप्रमाणे व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल असावं लागतं. बहुतेक बाटल्यांवर ४ ते ६ टक्के लिहिलेलं दिसेल. या लेखातली सगळी मापं ५ टक्के धरून आहेत. बाटलीवर आकडाच नसेल तर ती परत ठेवा.

तिसरी, घटकपदार्थांची यादी. त्यात साखर, मध किंवा फळाचा रस मिसळलेला असेल, तर साखर ताब्यात ठेवण्यासाठी आपण साखरच विकत घेतोय.

तळाशी गढूळ, चिकट तंतू दिसतात त्याला 'मदर' म्हणतात. आंबवणाऱ्या जिवाणूंनी तयार केलेलं ते जाळं असतं. बाटली खराब झाली असं समजून फेकू नका. मात्र त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याचंही कारण नाही, कारण वरच्या अभ्यासांत ज्याचा परिणाम दिसला ते ॲसिटिक आम्ल प्रत्येक व्हिनेगरमध्ये असतं. गोव्यात आणि सिंधुदुर्गात ज्यांच्या घरी माडाच्या सुरेचं चांगलं व्हिनेगर येतं, त्यांनी सफरचंदाच्या बाटलीमागे धावायची गरज नाही. घरगुती व्हिनेगरची आम्लता मात्र मोजलेली नसते, म्हणून ते स्वयंपाकातच वापरा.

व्हिनेगरच्या गोळ्या आणि गमीज (चघळायच्या जेलीसारख्या गोळ्या) घेऊ नका. अमेरिकेत एका बाईंच्या घशात अशी गोळी अडकून इजा झाली, तेव्हा संशोधकांनी बाजारातली आठ उत्पादनं तपासली. २००५ मध्ये त्यांनी लिहिलं की गोळ्यांतलं आम्ल, त्यांचा आकार आणि लेबलवरचे दावे यांचा एकमेकांशी मेळच नव्हता. गमीजमध्ये तर साखर असते आणि ती दाताला चिकटते.

## टप्पा ४ : माप आणि भांडी

गेल्या पावसाळ्यात एक काकू बाटली, चमचा आणि पेला, सगळं पिशवीत घालून घेऊन आल्या. "दोनच चमचे घेते हो," असं म्हणत त्यांनी पिशवीतून चमचा काढला, तो आमटी वाढायच्या डावापेक्षा थोडाच लहान होता. मी तो इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी भरून मोजला. एका चमच्यात १३ मिलिलिटर. म्हणजे त्या रोज २६ मिलिलिटर घेत होत्या, तेही एकाच पेल्यात आणि उपाशीपोटी. दुसऱ्या पेशंटच्या घरचा 'चहाचा चमचा' ४ मिलिलिटरचा निघाला, माझ्याच घरचा पोह्याचा चमचा ९ चा. त्या दिवसापासून मी चमचा हा शब्दच वापरत नाही.

खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं खुणांचं छोटं टोपण घ्या. त्यावर ५ आणि १० मिलिलिटरच्या रेषा असतात. ते धुऊन व्हिनेगरच्या बाटलीला रबरबँडने बांधून ठेवा, म्हणजे शोधाशोध होत नाही आणि अंदाजाने ओतण्याचा मोहही होत नाही.

भांडं काचेचंच. सकाळी तांब्याच्या पेल्यातून पाणी प्यायची सवय अनेक घरांत आहे, आणि त्याच पेल्यात व्हिनेगर मिसळणारे मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार कळकतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं. तांब्याच्या पेल्यातही तेच होतं. आम्लाने तांबं पाण्यात उतरतं, मळमळ आणि उलट्या होतात. ॲल्युमिनियमही नको. स्टीलचा पेला क्षणभर चालेल, पण मिश्रण त्यात साठवून ठेवू नका.

सोबत एक स्ट्रॉ लागेल. कागदी नको, ती मऊ पडते. धुता येणारी स्टीलची किंवा काचेची घ्या.

इथे थांबून तपासा: कारण लिहिलं? औषधांची पाकिटं वाचली? बाटलीवर टक्केवारी आहे? मापाचं टोपण आहे? चारही उत्तरं 'हो' असतील तरच पुढे.

## टप्पा ५ : पहिला आठवडा, ५ मिलिलिटर, एकदाच

दिवसातलं सर्वांत पिष्टमय जेवण निवडा. कुणाचं ते दुपारचं पोळी-भाजी-वरण-भात असतं, कुणाचं सकाळचं पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी. त्याच जेवणाला व्हिनेगर जोडायचं, घड्याळाला नाही.

१. ताट वाढून घ्या. जेवण समोर आल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही.

२. काचेच्या पेल्यात आधी पाणी ओता, पूर्ण २५० मिलिलिटर. साधं पाणी. कोमट पाण्याने काही जास्त मिळत नाही.

३. मग टोपणाने ५ मिलिलिटर व्हिनेगर घाला आणि ढवळा. क्रम असाच ठेवा. आधी व्हिनेगर ओतलं की पाणी घालायचं राहून जातं किंवा हात आखडता होतो, आणि पहिला घोट जळजळीत लागतो.

४. दोन-चार घास खा. मग स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला धरून प्यायला सुरुवात करा. जेवण संपेपर्यंत पेला संपवा. गुळणी धरल्यासारखं तोंडात घोळवू नका, आणि ऑफिसात बाटली भरून तासन्‌तास घोट घेत बसू नका. दातांना सर्वांत जास्त इजा याच सवयीने होते.

५. जेवण झालं की साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा.

६. पुढचा एक तास ब्रश नाही. सकाळच्या खाण्याबरोबर घेणार असाल तर दात आधीच घासून झालेले हवेत.

७. जेवल्यावर दोन तास आडवं होऊ नका. रात्री झोपताना घेण्याचा सल्ला फिरत असतो, तो मी देत नाही. झोपेत लाळ कमी सुटते आणि आडवं झाल्यावर आम्ल वर यायला वाट मोकळी मिळते.

मध घालायचा नाही. एक मोठा चमचा मध म्हणजे साधारण १७ ग्रॅम साखर, मग जेवणानंतरच्या साखरेचं काय मोजणार? लिंबूही नको, एका आम्लात दुसरं आम्ल कशाला?

पाणी घातलं म्हणजे आम्लता गेली, असं मात्र समजू नका. व्हिनेगरचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) अडीच ते तीनच्या आसपास असतो, आणि दातांवरचं कवच साधारण साडेपाचच्या खाली झिजू लागतं. दहा पट पाणी घातलं तरी पीएच जेमतेम अर्ध्या अंकाने वर जातो. पाण्यामुळे घसा आणि अन्ननलिका भाजत नाही, हा त्याचा मोठा उपयोग. दात वाचतात ते स्ट्रॉ, चूळ आणि ब्रशला दिलेली विश्रांती यांच्यामुळे. ज्यांच्याकडे कडप्प्याचा ओटा आहे त्यांना हे पटवावं लागत नाही. ओट्यावर लिंबू किंवा व्हिनेगर सांडून राहिलं की तिथली चकाकी जाते, पांढुरका डाग पडतो आणि तो घासून निघत नाही, कारण तो डाग नसतोच, दगडाचा वरचा थर गेलेला असतो. दाताचंही तसंच. गेलेलं कवच परत येत नाही. नेदरलँड्समधल्या दंतवैद्यांनी २०१२ मध्ये १५ वर्षांच्या मुलीची केस नोंदवली होती. वजन उतरवण्यासाठी ती रोज पेलाभर ॲपल सायडर व्हिनेगर प्यायची आणि तिचे दात झिजले होते.

उपवासाच्या दिवशी: चतुर्थी असो वा एकादशी, पोटात अन्न नसेल तर व्हिनेगरही नाही. संध्याकाळी उपवास सोडताना जेवणाबरोबर घ्या किंवा त्या दिवशी सोडून द्या.

आठवडाभरात जळजळ, मळमळ, दात आंबणं, घसा खवखवणं यांतलं काहीच झालं नाही, तर दुसऱ्या आठवड्यात माप १० मिलिलिटर करा, तिसऱ्यात हवं असल्यास १५. दिवसाला १५ च्या वर मी कुणाला जाऊ देत नाही.

## टप्पा ६ : पेला सोडा, कोशिंबिरीत घाला

खरं सांगायचं तर पाचवा टप्पा ज्यांना प्यायचंच आहे त्यांच्यासाठी लिहिला. मला विचाराल तर व्हिनेगर प्यायचं नसतं, खायचं असतं. कोशिंबिरीत घातलं की माप आपोआप आटोक्यात राहतं, चावताना लाळ सुटते आणि ती आम्ल पातळ करते, आणि ते जेवणाबरोबरच पोटात जातं, म्हणजे वेळ चुकत नाही. शिवाय सोबत वाटीभर काकडी, कोबी पोटात जाते, तिचा गुण वेगळाच.

दोघांसाठी असं करा. काकडी, गाजर, कोबी, कांदा यांतलं जे असेल ते दोन वाट्या बारीक चिरा. एका छोट्या वाटीत १० मिलिलिटर व्हिनेगर, तेवढंच पाणी, चिमूटभर मीठ आणि मिरपूड एकत्र करा. हे आधी वाटीत कालवायचं. थेट चिरलेल्या भाजीवर बाटली उपडी केली की एका घासाला आंबटढाण आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होतं. कोशिंबिरीवर ओतून दहा मिनिटं ठेवा. फोडणी द्यायची असेल तर ती गार करून, शेवटी घाला. गरम तेलात व्हिनेगर पडलं की ठसका लागतो आणि तेल अंगावर उडतं. वरून दाण्याचं कूट, कोथिंबीर.

लिंबू पिळायचं नाही. एवढा बदल लक्षात ठेवला की बाकी कोशिंबीर नेहमीचीच. दह्याच्या कोशिंबिरीत व्हिनेगर घालू नका, दही फुटल्यासारखं होतं आणि त्यात आंबटपणा आहेच. मटकीच्या किंवा मुगाच्या उसळीत गॅस बंद केल्यावर ५ मिलिलिटर घातलं तर छान लागतं. आधी घातलं तर कडधान्य शिजायला वेळ लागतो, चिंच लवकर घातल्यावर लागतो तसाच.

पहिले दोन-तीन दिवस घरचे नाक मुरडतील. माझ्या सासूबाईंनीही मुरडलं होतं. कांद्याबरोबर दिलं तेव्हा चाललं.

सावधान: कोशिंबीर खाल्ली म्हणून त्याच दिवशी पेलाही घ्यायचा नाही. दोन्हींतलं मिळून दिवसाचं माप एकच.

## टप्पा ७ : फरक पडतो का, ते मोजा

लोक सर्वांत जास्त हाच टप्पा गाळतात. "बरं वाटतं" म्हणतात आणि महिनोन्‌महिने घेत राहतात.

साखरेसाठी घेत असाल आणि घरी ग्लुकोमीटर असेल, तर सहा दिवसांचा प्रयोग करा. सहाही दिवस ते एक जेवण अगदी सारखं ठेवा: तेवढ्याच पोळ्या, तेवढाच भात, तीच आमटी, जेवणाची वेळही तीच. पहिले तीन दिवस व्हिनेगरशिवाय, पुढचे तीन व्हिनेगरसह. पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी साखर मोजा. जेवण संपल्यापासून नव्हे. बोट आधी साबणाने धुऊन कोरडं करा. आंबा, चिकू खाल्लेल्या बोटाने यंत्र भलताच आकडा दाखवतं.

आता दोन्ही तीन-तीन आकड्यांची सरासरी काढा. घरगुती यंत्रात १५ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य धरलेली असते. म्हणजे १८० आणि १७० यांतला फरक हा फरकच नव्हे. तीनही दिवसांचे आकडे स्पष्टपणे खाली आलेले दिसले तरच काही उपयोग होतोय म्हणा. नाही दिसले तर तुमच्यासाठी हा उपाय नाही, आणि ते सहा दिवसांत कळलं हे चांगलंच झालं.

वजनासाठी असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, तेवढ्याच कपड्यांत. रोज काट्यावर उभं राहून पाण्याची घट-वाढ मोजू नका.

सर्वांत महत्त्वाचं: व्हिनेगर सुरू केलं म्हणून मधुमेहाची गोळी स्वतःहून अर्धी करू नका, बंद तर मुळीच नाही. हात थरथरणं, घाम, अचानक भूक, गोंधळल्यासारखं वाटणं, असं काही झालं तर लगेच साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि त्या दिवसापासून व्हिनेगर बंद करून डॉक्टरांना कळवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

## टप्पा ८ : त्वचा आणि केस

थोडक्यात: त्वचेला लावू नका. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०१९ च्या अभ्यासात २२ जणांनी १४ दिवस रोज दहा मिनिटं एक हात पातळ व्हिनेगरच्या पाण्यात बुडवला. त्यांत इसब असलेले होते आणि नसलेलेही. त्वचेत सुधारणा झाली नाही आणि २२ पैकी १६ जणांना चुरचुर, आग असा त्रास झाला. तेही अर्ध्या टक्क्याच्या मिश्रणाने. तीळ, चामखीळ घालवायला कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये भिजवून बांधून ठेवतात, त्याने तर चक्क भाजतं. नाकावरचे तीळ घालवायला व्हिनेगर लावलेल्या १४ वर्षांच्या मुलीच्या नाकावर जखमा झाल्याची नोंद २०१५ ची आहे.

केस शेवटी धुवायला वापरत असाल तर १५ मिलिलिटर एका लिटरच्या मगभर पाण्यात, आठवड्यातून एकदा, डोळे मिटून, आणि दोन मिनिटांत भरपूर पाण्याने धुऊन टाका. डोक्यात खाजवून झालेल्या जखमा असतील तर तेही नको. कानात, डोळ्यात कधीही नाही.

## टप्पा ९ : कधी थांबायचं

यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी थांबा:

- गार पाणी किंवा आइस्क्रीम दाताला झोंबतं, दात आंबतात.
- आरशात पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसतात किंवा दात पिवळट वाटतात. खिडकीजवळ उजेडात उभं राहून बघा, बाथरूमच्या दिव्यात हे कळत नाही.
- छातीत किंवा घशात जळजळ, गिळताना टोचणं.
- पायात वांब येणं, गळून गेल्यासारखं वाटणं, छातीत धडधड. हे पोटॅशियमचं लक्षण असू शकतं. रक्ततपासणी करून घ्या, "उन्हामुळे असेल" म्हणून सोडू नका.
- शौच काळं, डांबरासारखं होणं, किंवा उलटीत रक्त. हे दिसलं तर थेट इमर्जन्सीत.

काहीही त्रास नसला तरी १२ आठवड्यांनी थांबा आणि वही उघडा. पहिल्या टप्प्यात लिहिलेली ओळ वाचा, सातव्या टप्प्यातले आकडे शेजारी ठेवा. फरक नसेल तर पेला बंद. दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे जाताना आणि कोणत्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना "मी रोज व्हिनेगर घेतो" किंवा "घेते" हे आवर्जून सांगा. औषधांच्या यादीत लोक ते लिहीत नाहीत, आणि डॉक्टर न सांगितलेलं ओळखू शकत नाहीत.

बाटलीत उरलेलं व्हिनेगर टाकून देऊ नका. झाकण घट्ट लावून फडताळात, उन्हापासून लांब ठेवा, फ्रिजची गरज नाही. कांदा पातळ उभा चिरून अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी आणि मीठ यांत बुडवा आणि काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. तासाभरात गुलाबी होतो, पाचेक दिवस टिकतो. भाकरी-पिठल्याबरोबर काढा.